लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवायची आहे? स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा

हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, फिरता भाग नसलेली डिस्क) बसवणं हे स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे असं समजून लोक सुरुवात करतात आणि तिथेच चुकतं. माझ्याकडे अर्धवट अवस्थेत येणाऱ्या लॅपटॉपची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते. एसएसडी मागवली, ती आली त्याच संध्याकाळी झाकण उघडलं, जुनी डिस्क काढून नवी बसवली, आणि लॅपटॉप सुरू केला तर पडद्यावर बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोज सुरू करणारी डिस्क, सापडत नसल्याचा संदेश. डेटाचा विचार तेव्हा पहिल्यांदा येतो. मग घाईघाईत उलटसुलट प्रयोग होतात, आणि खरं नुकसान त्या घाईत होतं.

डिस्क बदलायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याआधीच्या तयारीला एक अख्खी सुट्टी द्या.

हा लेख साधारण २०१३ ते २०१९ या काळात घेतलेल्या विंडोजच्या लॅपटॉपसाठी आहे. म्हणजे १५ इंची पडदा, ५०० जीबी किंवा १ टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क, बहुधा डीव्हीडी ड्राइव्हसकट.

## टप्पा १: पैसे देण्याआधी काय बसतं ते पाहा

लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवरून पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्या. नुसतं 'पंधरा इंची डेल' किंवा 'आयडियापॅड' पुरत नाही, कारण एकाच नावाखाली आतून वेगवेगळे लॅपटॉप विकले गेले आहेत. त्या क्रमांकाची सर्व्हिस मॅन्युअल (दुरुस्तीची पुस्तिका) कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. एचपी, डेल आणि लेनोव्हो या तिन्ही कंपन्या ती फुकट देतात. कुठला स्क्रू आधी काढायचा याची चित्रंही तिच्यात असतात.

अडीच इंची साटा (हार्ड डिस्कचीच नेहमीची जोडणी) एसएसडीची जाडी ७ मिलिमीटर असते. जुन्या काही लॅपटॉपमध्ये ९.५ मिलिमीटरची डिस्क असते. त्या जागेत नवी एसएसडी सैल बसते, म्हणून सोबत प्लास्टिकची पातळ चौकट मिळते का ते विचारा.

लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू चा स्लॉट असेल तर दुकानात च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी दाखवतात. इथे फार लोक फसतात. ही पट्टी दोन जातींची असते, साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई. आकार तोच, पण काही स्लॉट फक्त साटा ओळखतात, काही फक्त एनव्हीएमई. पट्टीवरच्या खाचा बघून स्लॉटचा भरवसा धरू नका, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा. लांबीही तिथेच बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब.

वेगाच्या आकड्यांवर जास्त पैसे घालवू नका. साटा एसएसडी कुठलीही घ्या, सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे ती जात नाही, कारण मर्यादा त्या जोडणीचीच आहे. जुनी ५४०० आरपीएमची डिस्क सरळ सलग वाचताना सेकंदाला शंभरेक एमबी देते. पण लॅपटॉप रखडतो तो या फरकामुळे नव्हे. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचाव्या लागतात, आणि दर फाइलसाठी हार्ड डिस्कच्या वाचनकाट्याला फिरत्या तबकडीवर जागा शोधत जावं लागतं. एकेका खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं. हा फायदा साध्या साटा एसएसडीतही पुरेपूर मिळतो.

क्षमता ठरवताना सी आणि डी ड्राइव्हवर सध्या किती जागा वापरात आहे ते बघा आणि वर किमान पाव भाग मोकळा राहील असा आकडा धरा. ४८० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४४७ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५. ही फसवणूक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. फसवणूक असते ती कवडीमोल भावात '४ टीबी' विकणाऱ्या अनोळखी ब्रँडची. तशा डिस्कवर फाइल्स गेल्यासारख्या दिसतात आणि पुढे उघडतच नाहीत.

तपासा: मॉडेल क्रमांक, एसएसडीची जात, जाडी किंवा लांबी आणि क्षमता या चारही गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. अडीच इंची एसएसडीसोबत साटा ते यूएसबी ३ ची केबल मागवा.

## टप्पा २: जुन्या डिस्कची तब्येत बघा

क्रिस्टल-डिस्क-इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळा 'गुड' दिसला तर पुढे जा. पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसला तर डिस्कचे काही भाग मेलेले आहेत किंवा मरायला टेकले आहेत. अशा डिस्कचा थेट क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करायला बसू नका. क्लोन करताना सगळी डिस्क एका दमात वाचली जाते आणि आजारी डिस्कला ते झेपत नाही. आधी हवे ते फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेर काढा. विंडोजचं नंतर बघू.

सावधान: डिस्कमधून टक-टक असा ठोक्यासारखा आवाज येत असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून 'आता तरी दिसतेय का' बघू नका. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

## टप्पा ३: बॅकअप घ्या, क्लोनला बॅकअप समजू नका

'क्लोन करणारच आहे, मग बॅकअप कशाला?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. क्लोन करताना चूक झाली तर मूळ डिस्कच पुसली जाऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या फाइल्स तिसऱ्या जागी हव्यात, बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर.

लोक नेमकं काय विसरतात ते सांगतो. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डर्स सी ड्राइव्हवर असतात, डीवर नाहीत. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरात आहे ते कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतं. ते फोल्डर वेगळं कॉपी करा आणि टॅलीतूनही बॅकअप घ्या. नव्याने विंडोज टाकणार असाल तर टॅलीचं लायसन्स त्याआधी सरेंडर करा, नाहीतर नव्या विंडोजवर ते चालू करताना अडतं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका केलेल्या असतील तर ते फाँट आणि त्यांची सीडी किंवा लायसन्स शोधून ठेवा. फाइल वाचली पण फाँट गेला, तर उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतात. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल. ब्राउझरमधले पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का तेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. पुष्कळ लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, ती 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने मालकाच्या नकळत चालू असते. सेटिंग्जमध्ये हा शब्द शोधा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. लॅपटॉपवरच साठवून ठेवलेल्या कीचा ऐनवेळी काही उपयोग नाही. मग एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला काही तास लागू शकतात, तोवर थांबा.

तपासा: बॅकअपमधल्या पाच-सहा फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. कॉपी झाल्याचा संदेश म्हणजे फाइल उघडतेच असं नाही.

## टप्पा ४: क्लोन की नवं विंडोज?

विंडोज धड चालतंय, फक्त मंद आहे, आणि त्यात पुन्हा टाकायला कटकटीची सॉफ्टवेअर्स आहेत, तर क्लोन करा. व्हायरसचा त्रास असेल, सतत निळा पडदा येत असेल, किंवा आधीच्या मालकाचा पसारा असेल तर नव्याने टाका. घाण उचलून नव्या घरात न्यायची नाही.

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर नव्याने ११ टाकण्यासाठी हीच योग्य वेळ आहे. अटींत टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर बहुतेक आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. लायसन्सची काळजी करू नका. लॅपटॉपसोबत आलेल्या अस्सल विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही.

## टप्पा ५: क्लोन, लॅपटॉप न उघडता

नवी एसएसडी यूएसबी केबलने बाहेरून जोडायची. जुनी डिस्क आतच राहते.

१. जुन्या डिस्कची चूक-तपासणी करा. सी ड्राइव्हवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक.

२. स्लीप बंद करा, अँटिव्हायरसचं स्कॅन थांबवा, चार्जर लावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक गेलेली असते. वीज जाण्याचा दिवस असेल तर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्लगमध्येच चार्जर लावा.

३. एसएसडी यूएसबी ३ च्या पोर्टला जोडा. बऱ्याच लॅपटॉपवर तो आतून निळा असतो. हब मध्ये नको.

४. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं क्लोनिंग सॉफ्टवेअर वापरा. सॅमसंगचं स्वतःचं आहे. क्रुशल आणि वेस्टर्न डिजिटल आपल्या ग्राहकांना ॲक्रॉनिसची आवृत्ती देतात. क्लोनझिला हा फुकट आणि भरवशाचा पर्याय आहे, पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर तो नेहमीच्या पद्धतीने अडतो. १ टीबीवरून ४८० जीबीवर जाताना नवख्याने कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरावं.

५. सगळी पार्टिशन्स (डिस्कचे वेगवेगळे भाग) निवडा. फक्त सी ड्राइव्ह क्लोन केला की लॅपटॉप सुरू होत नाही, कारण सुरू करणारा भाग शेजारच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतो. शंभरेक एमबीचं असल्याने लोक ते बिनकामाचं समजून सोडून देतात.

६. 'सोर्स' म्हणजे जुनी, 'टार्गेट' म्हणजे नवी. हे नाव वाचून ठरवा, आकडा बघून नाही.

सहाव्या मुद्द्यावर थांबतो. एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी एसएसडीही ५०० जीबीची. पडद्यावर एकाखाली एक 'डिस्क ०' आणि 'डिस्क १', दोन्हींपुढे ४६५.७६ जीबी. सरांच्या ओळखीतल्या मुलाने दोन्ही जागी क्लिक केलं, 'पुढे' दाबलं, आणि कोरी एसएसडी भरलेल्या डिस्कवर ओतली गेली. सॉफ्टवेअरने इशारा दिला होता, 'टार्गेटवरचा सगळा डेटा पुसला जाईल.' पुसायचंच आहे की, असं समजून त्याने 'होय' म्हटलं. नऊ वर्षांचे निकाल आणि मुलांच्या सहलींचे फोटो होते. बॅकअप नव्हता. काही फोटो रिकव्हरीतून निघाले, निकालांच्या बऱ्याच फाइल्स अर्ध्या तुटलेल्या होत्या.

म्हणून एसएसडीच्या लेबलचा जोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि पडद्यावर 'टार्गेट'पुढे दिसणारा क्रमांक एकेक अक्षर जुळवा. शिवाय टार्गेटमध्ये पार्टिशन्स दिसत असतील तर हात थांबवा. नवी एसएसडी कोरी असते.

२०० जीबी डेटाला एक ते तीन तास धरा. काम संपलं की लॅपटॉप बंद करा आणि मगच केबल काढा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना पहिल्यांदा सुरू करून बघू नका. दोघींची ओळखखूण आता एकच आहे, त्यामुळे विंडोज गोंधळतं.

## टप्पा ६: झाकण उघडणं

शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. नुसतं बंद केल्यावर विंडोज अर्धवट झोपेत राहतं. चार्जर काढा. बॅटरी बाहेरची असेल तर खटका सरकवून काढा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला प्रवाह निघून जातो.

लाकडी टेबलावर काम करा, गादी-चादरीवर नको. हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं ना, ती स्थिर वीज एसएसडीला मारू शकते. अधूनमधून घरातल्या उघड्या धातूच्या वस्तूला हात लावत राहा.

एका कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चौकोनी चित्र काढा. जो स्क्रू जिथून निघेल तिथेच कागदावर चिकटपट्टीने चिकटवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरच्या बाजूने, टचपॅडशेजारी, टेंगूळ आणतो.

डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये तिचा एक स्क्रू काढून ती आधी बाहेर ओढावी लागते, तिच्या खाचेत आणखी दोन-तीन बारीक स्क्रू लपलेले असतात. रबरी पायांखालीही बघा. सगळे स्क्रू निघाल्यावर बाद झालेलं एटीएम कार्ड फटीत घालून कडेने अलगद फिरवा. कट्-कट् आवाज येत खाचा सुटत जातात. एखादी कड अडून बसली तर जोर लावू नका, तिथे हमखास एक स्क्रू राहिलेला असतो. सुरी किंवा चपटा स्क्रू ड्रायव्हर वापरला की कडा कायमच्या कुरतडल्या जातात.

सावधान: झाकण झटक्यात उपटू नका. काही मॉडेलमध्ये दोन्ही भागांना जोडणारी रिबन केबल असते. आधी दोन बोटं उचलून आत डोकावा.

आत बॅटरी दिसली की पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवायचा. वायर धरून ओढायचं नाही, कनेक्टरच्या दोन्ही कडा नखाने थोड्या-थोड्या पुढे सरकवायच्या.

## टप्पा ७: अदलाबदल

जुनी डिस्क पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये असते. ब्रॅकेटचे स्क्रू काढले की डिस्क कनेक्टरपासून सरळ रेषेत, आडवी सरकवून बाहेर काढा. वर उचललीत तर कनेक्टरची प्लास्टिकची जीभ मोडते.

ब्रॅकेट जुन्या डिस्कवरून काढून एसएसडीला लावा. एसएसडी इतकी हलकी लागते की 'असंच ठेवलं तरी चालेल' असं वाटतं. चालत नाही. बसच्या धक्क्यांत ती सरकते आणि महिन्याभराने लॅपटॉप अधूनमधून बंद पडायला लागतो. कनेक्टर एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड असतो. तो एकाच दिशेने बसतो, सोनेरी पट्ट्या पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. लॅपटॉप उघडा आहे आणि रॅमचा स्लॉट रिकामा आहे, तर ४ जीबीचे ८ जीबी करण्याची हीच वेळ.

तपासा: बॅटरीचा कनेक्टर परत लावून झाकण नुसतं ठेवा, दोन स्क्रू लावा आणि बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारा सेटिंगचा पडदा, तिथे कसं जायचं ते टप्पा ८ मध्ये) एसएसडी दिसते का बघा. सगळे स्क्रू पिळून झाल्यावर ती दिसली नाही तर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

## टप्पा ८: पहिल्यांदा सुरू करणं

एचपीवर एफ १०, इतर बहुतेकांवर एफ २ दाबत बायोसमध्ये जा. एसएसडीचं नाव दिसलं तर बाहेर पडून विंडोज सुरू होऊ द्या. पहिल्या वेळी थोडा जास्त वेळ लागेल.

नाव दिसत नसेल तर कनेक्टर नीट बसलेला नाही. नाव दिसतंय पण विंडोज येत नाही, तर बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणा. यूईएफआय-लेगसी आणि साटा मोड या दोन सेटिंगना मात्र हात लावू नका. क्लोन जुन्याच सेटिंगवर चालणारा आहे. लोक व्हिडिओ बघून इथे बदल करतात आणि चांगला क्लोन निळ्या पडद्यावर जाऊन आपटतो. तरीही जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावा, लॅपटॉप कालच्यासारखा सुरू होईल, आणि टप्पा ५ शांतपणे पुन्हा करा.

नवं विंडोज टाकणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते आधीच तयार करून ठेवायचं. जागा विचारल्यावर मोकळी जागा निवडून 'नेक्स्ट' दाबा. पार्टिशन्स विंडोज स्वतः करतं.

## टप्पा ९: बसवल्यानंतर

क्लोननंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये शेवटी काळी, न वापरलेली जागा दिसली तर ती सी ड्राइव्हला जोडा. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं तर विंडोज ते करू देत नाही. तेव्हा पार्टिशन हलवणारं सॉफ्टवेअर लागतं.

'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. सी ड्राइव्हपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं असावं आणि वेळापत्रक चालू असावं. ते बंद करू नका. एसएसडी ओळखल्यावर विंडोज नेहमीचं डिफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) करत बसत नाही, मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवतं. वेगळं डिफ्रॅग सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर ते काढून टाका. स्लीप आणि एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा. टॅली, मराठी टायपिंग, प्रिंटर, डिजिटल सही एकेक करून वापरून बघा.

जुनी डिस्क लगेच पुसू नका आणि उत्सुकतेपोटी यूएसबीला जोडूही नका. जोडलीत तर विंडोज तिला 'ऑफलाइन' दाखवेल, आणि तुम्ही 'ऑनलाइन' केलंत की तिची ओळखखूण बदलेल. मग परत आत बसवल्यावर ती सुरू होईलच याची खात्री राहत नाही. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावून महिनाभर कपाटात ठेवा. महिन्यात काही राहून गेल्याचं लक्षात आलं नाही तर तिला यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरा. विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर फॉर्मॅट करताना 'क्विक फॉर्मॅट'ची खूण काढा. त्याला काही तास लागतात, पण क्विक फॉर्मॅट केलेल्या डिस्कवरून तुमचे फोटो कुणीही परत काढू शकतो.